क्रिप्टो माइनिंग, बाजार आणि रोजचा वापर : जुन्या वादांतल्या या चुका टाळा

बिटकॉइनवरचे 2010 ते 2014 मधले वाद आज वाचायला बसलं की लक्षात येतं, भांडणारी मंडळी बऱ्याचदा एकाच प्रश्नावर भांडत नव्हती. एकाच्या डोक्यात विजेचं बिल होतं, दुसऱ्याच्या उद्याचा भाव, तिसऱ्याच्या मनात हे चलन दुकानात चालेल का हा प्रश्न. माइनिंगचा, म्हणजे कॉम्प्युटर चालवून नवी नाणी मिळवण्याचा, हिशेब तोट्यात गेला की उत्तर ठरलेलं : भाव वाढेलच की! भाव पडला की, अहो पण दुकानदार घ्यायला लागलेत. दुकानदारांनी हात आखडला की, नेटवर्कची (सगळ्या यंत्रांची मिळून) ताकद बघा किती वाढली ती. तोटा एका खात्यातला, भरपाई दुसऱ्या खात्यातून. आजही नवं नाणं, नवं यंत्र आलं की हाच खेळ नव्याने सुरू होतो. म्हणून त्या काळातल्या चुका जरा जवळून बघू, आणि जिथे दुरुस्ती शक्य आहे तिथे तीही.

आजच्या कमाईला 365 ने गुणणं

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच, त्यामुळे इथे जास्त थांबतो.

बिटकॉइनमध्ये सरासरी दर 10 मिनिटांनी एक ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा, तो काढणाऱ्याला नवी नाणी बक्षीस मिळतात) निघावा अशी योजना आहे. दर 2016 ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, नेटवर्क डिफिकल्टी, म्हणजे ब्लॉक काढणं किती अवघड असेल ते, बदलतं. यंत्रं वाढली की डिफिकल्टी वाढते आणि ब्लॉकचा वेग पुन्हा 10 मिनिटांवर येतो. म्हणजे जगात यंत्रं दुप्पट झाली तरी नाणी तेवढीच निघतात, वाटेकरी मात्र वाढतात.

पहिला ब्लॉक 3 जानेवारी 2009 चा. तेव्हा साधा कॉम्प्युटर पुरत होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बिटकॉइन तयार करणाऱ्या सातोशी नाकामोतोने सुचवलं होतं की ग्राफिक्स कार्डांची शर्यत आपण सगळ्यांनी समजुतीने जमेल तितकी लांबवू. सूचना सभ्य होती, पण जो आधी मोडेल त्याचा फायदा असलेली समजूत टिकणार कशी? 2010 मध्ये ग्राफिक्स कार्डं आली, आणि 2013 च्या सुरुवातीला फक्त माइनिंगसाठी बनवलेल्या चिपांची, म्हणजे एएसआयसीची, यंत्रं. 2011 मध्ये आलेल्या लाइटकॉइन या दुसऱ्या नाण्याने वेगळी पद्धत वापरली, तेव्हा ‘इथे अशी यंत्रं परवडणारच नाहीत’ असं छातीठोकपणे सांगितलं जायचं. 2014 मध्ये तीही आली. कमाई दिसली की चिप बनवणारा पोचतोच.

आता 2013 चे आकडे बघा. वर्षाच्या सुरुवातीला डिफिकल्टी सुमारे 30 लाख होती, वर्षअखेरीस 100 कोटींच्या पुढे गेली. अशा वर्षात लोक आगाऊ पैसे भरून यंत्राची वाट बघत होते आणि यंत्रं महिनोन्‌महिने उशिरा येत होती. बुकिंगच्या दिवशी काढलेला नफा खोका उघडेपर्यंत कुठल्या कुठे गेलेला असायचा. सप्टेंबर 2014 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने बटरफ्लाय लॅब्ज या यंत्रं विकणाऱ्या कंपनीविरुद्ध कोर्टात कारवाई केली, तीत न पोचलेल्या आणि उशिरा पोचून निरुपयोगी ठरलेल्या यंत्रांचाच मुद्दा होता.

दुरुस्ती सोपी आहे. दर पंधरवड्याला डिफिकल्टी 10 टक्के वाढेल असं धरा. वर्षात 26 पंधरवडे असतात, पण प्रत्येक पंधरवड्याची कमाई आधीच्यापेक्षा कमी होत जाते आणि वर्षाची बेरीज पहिल्या पंधरवड्याच्या जेमतेम दहापट भरते. 26 ऐवजी 10! त्यात ब्लॉकचं बक्षीस निम्मं होण्याची वेळ आली तर आणखी फटका. 28 नोव्हेंबर 2012 ला ते 50 वरून 25 नाण्यांवर आलं. दर 2 लाख 10 हजार ब्लॉकनंतर हे होणार हे पहिल्या दिवसापासून कोडमध्ये लिहिलेलं आहे, त्यामुळे ते हिशेबात न धरायला काही सबब नाही.

आणि ‘भाव वाढेलच की’ या उत्तराचं काय? यंत्राच्या पैशात आज थेट किती नाणी मिळतात ते लिहा. विजेला लागणाऱ्या पैशांचीही नाणी त्यात मिळवा. मग यंत्र त्याच्या आयुष्यात किती नाणी काढेल ते शेजारी मांडा. भाव वाढला तर विकत घेतलेल्या नाण्यांचाही वाढणारच आहे, तेव्हा तो माइनिंगच्या बाजूने पुरावा होत नाही. हा मुद्दा त्या काळीही कोणीतरी मांडायचंच, पण पंखे घरघरत असताना ऐकायला कोण बसलंय!

‘आमच्याकडे वीज फुकट आहे’ म्हणणाऱ्यांनी बिल कोण भरतंय ते एकदा बघावं.

‘तीन महिने झाले, एकही ब्लॉक नाही. नक्की काहीतरी बिघडलंय’

बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. एक गणित करून बघू. 2011 च्या मध्यावर डिफिकल्टी 10 लाखांच्या आसपास होती. एक ब्लॉक सापडायला सरासरी डिफिकल्टी गुणिले 2 चा 32 वा घात, म्हणजे इथे 10 लाख गुणिले सुमारे 429 कोटी, इतके हॅश, म्हणजे आकडेमोडीचे प्रयत्न, लागतात. त्या वेळचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला 40 कोटी हॅश काढायचं. भागाकार केला की येतात सुमारे 1 कोटी 7 लाख सेकंद, म्हणजे 124 दिवस. तेही सरासरी. पूर्ण 124 दिवस यंत्र चालवूनही हात रिकामे राहण्याची शक्यता 37 टक्के. शिवाय 100 दिवस वाट बघितली म्हणून पुढचे 24 दिवस पक्के होत नाहीत. 101 व्या दिवशीसुद्धा सरासरी वाट 124 दिवसांचीच असते. ‘आता माझी पाळी’ असं काही या गणितात नाही, आणि एकट्याने माइनिंग करणाऱ्यांचे बरेचसे वाद इथेच अडकायचे.

2010 च्या अखेरीस पहिला पूल (अनेकांनी मिळून माइनिंग करायचं आणि कमाई वाटून घ्यायची अशी सोय) सुरू झाला तो यासाठीच. पूलमुळे एकूण कमाई वाढत नाही (फी जाऊन थोडी कमीच होते), पण ती थोडी थोडी आणि नियमित येते. पूलवर असूनही कमाई दिसत नसेल तर सॉफ्टवेअर पुन्हा टाकण्याआधी एवढं तपासा : आपल्या यंत्राने पाठवलेले शेअर (केलेल्या कामाचे पुरावे) आणि पूलने स्वीकारलेले शेअर यांत किती फरक आहे, नाकारलेल्यांमध्ये ‘स्टेल’ किती आहेत, आणि पूलच्या पानावर पैसे जमा करायला नेमका कुठला ॲड्रेस (नाण्यांसाठीचा खाते क्रमांकच म्हणा) लिहिलेला आहे. स्टेल जास्त म्हणजे काम उशिरा पोचतंय, दोष इंटरनेटकडे किंवा लांबच्या सर्व्हरकडे. बाकीचे नाकारलेले शेअर जास्त असतील तर कार्ड तापलंय किंवा त्याच्या क्षमतेबाहेर पळवलंय असं समजा आणि वेग थोडा उतरवा.

पूलवरून एक मोठा वादही झाला. जून 2014 मध्ये जीहॅश.आयओ या एकाच पूलकडे नेटवर्कच्या निम्म्याच्या आसपास ताकद गोळा झाली आणि ‘आता हे सगळ्यांची नाणी घेऊन जाणार’ अशी ओरड सुरू झाली. बहुमत हाती आलं तर आपलेच ताजे व्यवहार उलटवून तीच नाणी दुसऱ्यांदा खर्च करता येतात आणि इतरांचे व्यवहार अडवता येतात. दुसऱ्याच्या वॉलेटमधली नाणी काढता येत नाहीत, नियमापेक्षा जास्त नाणी छापताही येत नाहीत. धोका खरा होता, भीती भलत्याच गोष्टीची होती.

काढायला जेवढा खर्च, तेवढी नाण्याची किंमत?

ऑक्टोबर 2009 मध्ये न्यू लिबर्टी स्टँडर्ड या संकेतस्थळाने बिटकॉइनचा पहिला दर जाहीर केला, 1 डॉलरला 1,309.03 नाणी. तो काढला होता माइनिंगच्या विजेच्या खर्चावरून. बाजारच नसताना दुसरं काय करणार? पण पुढे बाजार आल्यावरही ‘काढायला इतका खर्च येतो, म्हणजे भाव याखाली जाणार नाही’ असं बोललं जात राहिलं. घडतं उलट. भाव वाढला की माइनर येतात, डिफिकल्टी वाढते आणि खर्च भावाच्या मागोमाग चढतो. भाव पडला की यंत्रं बंद होतात आणि खर्च खाली येतो. 2011 मध्ये फेब्रुवारीत 1 डॉलर, जूनमध्ये 30 च्या वर आणि नोव्हेंबरमध्ये 2 च्या आसपास, असा भाव फिरला. खर्चाने त्याला कुठेही थोपवलं नाही.

विजेच्या नासाडीच्या वादातही असाच घोळ आहे. एकूण वीज भागिले एकूण व्यवहार असा आकडा दोन्ही बाजू तोंडावर फेकतात. वीज लागते ती ब्लॉकच्या बक्षिसासाठीच्या शर्यतीत. व्यवहार कमी झाले म्हणून ती कमी होत नाही. टीका करायची तर त्या शर्यतीवर करावी. इथेरियम या दुसऱ्या नाण्याच्या नेटवर्कने सप्टेंबर 2022 मध्ये शर्यतच सोडून दिली आणि विजेचा वापर 99 टक्क्यांहून जास्त उतरला.

स्क्रीनवरची शिल्लक म्हणजे आपलं नाणं असं धरून चालणं

माउंट गॉक्सचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातून शिकायचं ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. फेब्रुवारी 2014 मध्ये हे टोकियोतलं एक्स्चेंज (नाणी घ्यायची-विकायची ऑनलाइन जागा) बंद पडलं तेव्हा सुमारे 8 लाख 50 हजार नाणी गेल्याचं सांगण्यात आलं, त्यातली 2 लाख पुढे सापडली. बिघाडाची खूण मात्र आधीपासून भावातच दिसत होती. 2013 मध्ये तिथून डॉलर बाहेर निघायला फार वेळ लागू लागला. मग अडकलेले लोक डॉलर देऊन बिटकॉइन घेऊ आणि ते बाहेर नेऊ लागले आणि तिथला भाव इतर एक्स्चेंजपेक्षा चढा राहिला. फेब्रुवारी 2014 मध्ये तिथून नाणी बाहेर नेणंही थांबलं, तेव्हा तोच भाव इतरांपेक्षा कितीतरी खाली घसरला. कित्येकांना हा फरक म्हणजे फुकटचा नफा वाटला. इथे घ्या, तिथे विका! पण तिथे विकायला न्यायचा रस्ताच बंद होता.

एकाच नाण्याचा भाव एका ठिकाणी सतत वेगळा दिसत असेल, तर आधी छोटी रक्कम बाहेर काढून बघा. ‘तांत्रिक कारणामुळे विलंब’ असं उत्तर आलं तर बाकीची रक्कमही लगेच मागायला लागा.

दुकानदाराने बोर्ड लावला की चलन रुळलं

22 मे 2010 ला 10,000 बिटकॉइनमध्ये दोन पिझ्झा घेतले गेले. ही गोष्ट नेहमी हसण्यासाठी सांगतात, तिच्यातला व्यवहार कोणी बघत नाही. पिझ्झावाल्याला बिटकॉइन मिळालेच नव्हते. मधल्या एकाने नेहमीच्या पैशांत पिझ्झा मागवून दिले आणि नाणी स्वतःकडे ठेवली. 2014 मध्ये ओव्हरस्टॉक, डेल, मायक्रोसॉफ्ट अशा मोठ्या कंपन्यांनी बिटकॉइन स्वीकारायचं ठरवलं, तेव्हाही बरीचशी नाणी मधली सेवा त्याच क्षणी डॉलरमध्ये बदलून देत होती. त्या काळच्या उत्साहात हे बाजूला पडलं. दुकानदाराने नाणं स्वीकारणं आणि नाणं जवळ ठेवणं यांत अंतर आहे, आणि स्वीकारून लगेच विकलं तर बाजारात विक्रीच वाढते.

दुसरी अडचण फीची, म्हणजे व्यवहार ब्लॉकमध्ये घ्यावा म्हणून माइनरला द्यायच्या पैशांची. ब्लॉकच्या आकाराला 2010 पासून 1 एमबीची मर्यादा होती, म्हणजे सेकंदाला जेमतेम सात व्यवहार, प्रत्यक्षात त्याहून कमी. आणि फी रकमेवर ठरत नाही, व्यवहार किती बाइटचा आहे त्यावर ठरते. मोठी रक्कम असो की चिल्लर, जागा तेवढीच लागते. गर्दी झाली की फी चढते आणि चिल्लर खरेदी मरते. व्हिडिओ गेम विकणाऱ्या स्टीमने एप्रिल 2016 मध्ये बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली आणि डिसेंबर 2017 मध्ये थांबवलं, तेव्हा एका व्यवहाराची फी 20 डॉलरच्या जवळ गेली होती. ब्लॉक मोठा करायचा की नाही यावरून ऑगस्ट 2017 मध्ये बिटकॉइन कॅश हे नाणं वेगळं झालं, तो वाद इथे उकरत नाही.

व्यवहार अडकला असेल तर वॉलेट काढून पुन्हा टाकू नका, त्याने काहीही होत नाही. व्यवहाराचा आयडी ब्लॉक एक्स्प्लोररवर (नेटवर्कवरचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) बघा. तिथे तो ‘अनकन्फर्म्ड’, म्हणजे अजून ब्लॉकमध्ये न गेलेला, दिसत असेल तर बहुधा फी कमी पडली आहे. वॉलेटमध्ये फी वाढवायची सोय असेल तर वाढवा, नाहीतर थांबा. बहुतेक नोड (नेटवर्कमधले कॉम्प्युटर) असा व्यवहार दोन आठवड्यांनी सोडून देतात आणि नाणी पुन्हा खर्च करता येतात. तिथे तो दिसतच नसेल, तर तो बाहेर पडलेलाच नाही किंवा नोडनी सोडून दिला आहे.

‘बॅकअप आहे ना, मग झालं’

ऑगस्ट 2010 मध्ये एका वापरकर्त्याने 9,000 नाण्यांच्या वॉलेटचा बॅकअप घेतला, मग 1 नाणं स्वतःलाच पाठवलं आणि कॉम्प्युटर बंद केला. सिस्टीम सीडीवरून चालत होती, त्यामुळे बंद होताच तिथलं वॉलेट पुसलं गेलं. उरलेली 8,999 नाणी कायमची गेली. कारण बिटकॉइनमध्ये खर्च करताना उरलेली रक्कम सुट्टे परत आल्यासारखी नव्या ॲड्रेसवर येते, आणि त्या ॲड्रेसची चावी (नाणी खर्च करायला लागणारा गुप्त कोड) आधी घेतलेल्या बॅकअपमध्ये नव्हतीच. त्यानंतर त्याच वर्षी सॉफ्टवेअर 100 चाव्या आधीच तयार करून ठेवायला लागलं, तरी 100 नंतर बॅकअप शिळा होण्याचा धोका राहिलाच. आजच्या 12 किंवा 24 शब्दांच्या वॉलेटमध्ये पुढच्या सगळ्या चाव्या त्या शब्दांतूनच निघतात, त्यामुळे ही चूक आता सहसा होत नाही.

जुन्या डिस्कवर त्या काळातली वॉलेट.डॅट फाइल सापडली आणि शिल्लक शून्य दिसली, तर लगेच हार मानू नका. मूळ डिस्कला हात न लावता आधी तिची पूर्ण प्रत घ्या. प्रतीवर काम करताना नव्या सॉफ्टवेअरला सगळी साखळी (आजवरच्या सगळ्या ब्लॉकची नोंद) उतरवू द्या, कारण ती अर्धवट असेपर्यंत शिल्लक शून्य किंवा अपुरी दिसू शकते. त्याच डिस्कवर त्या फाइलच्या आणखी प्रती आहेत का तेही शोधा, नंतरच्या तारखेची असेल तर तीच उघडा. सप्टेंबर 2011 च्या आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये वॉलेटला पासवर्ड लावायची सोयच नव्हती, म्हणजे ती फाइल ज्याच्या हातात जाईल त्याला नाणी सरळ काढता येतात. ‘रिकव्हरी करून देतो, फाइल पाठवा’ म्हणणाऱ्याला ती पाठवू नका.