श्रावणभर रोज एक कविता : हा नियम कसा पाळावा

चातुर्मासात नियम धरायची आपल्याकडे जुनी रीत आहे. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी रोज पोथीचा एक अध्याय वाचतं. तसाच श्रावणात रोज एक कविता लिहायचा नियम धरता येतो. अमेरिकेत २००३पासून एप्रिलच्या तीस दिवसांत तीस कविता लिहिण्याचा उपक्रम चालतो. मराठी कवितेला मात्र संख्येचा संकल्प त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि शतकोटी अभंगांच्या संकल्पातले उरलेले पूर्ण करायला सांगून गेले, असं तुकोबांनीच अभंगात लिहून ठेवलंय.

काही सुचलं नाही म्हणून हा नियम मोडतो, असा समज आहे. माझ्या मते तो मोडतो रोजच्या ठरवाठरवीमुळे. कशावर लिहू, कोणत्या रूपात, किती लांब, या तीन प्रश्नांतच अर्धा तास जातो आणि मग उठावंसं वाटतं. म्हणून हे तिन्ही प्रश्न श्रावण लागण्याआधीच सोडवून ठेवा.

रूप आधी निवडा

पहिले दहा-बारा दिवस एकच रूप धरा, आणि ते मोठ्या अभंगाचं असू द्या. त्याच्या एका चौकात, म्हणजे कडव्यात, चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. एकूण बावीस अक्षरं झाली की दिवसाचं काम झालं. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, जोडाक्षर एकच मोजायचं. भुजंगप्रयातासारखी गणवृत्तं, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा क्रम ठरलेली वृत्तं, सुंदर आहेत, पण तो लघु-गुरूचा क्रम सांभाळत रोज लिहायला हात बराच तयार असावा लागतो. ती पुढच्या वर्षासाठी ठेवा. अभंगात हात बसला की ओवी, हायकू, मुक्तछंद यांकडे वळा.

सामान आदल्या रात्री गोळा करा

झोपण्याआधी वहीत दिवसभरात दिसलेल्या तीन गोष्टी लिहा. भावना नकोत, वस्तू आणि घडामोडी हव्यात : कुकरची सैल शिट्टी, बसमध्ये झोपलेला कंडक्टर, वाळत न येणारे कपडे. मन, क्षण, आठवण, चांदणं हे शब्द महिनाभर बाजूला ठेवा. ते चटकन हाताशी येतात आणि पाहिलेलं काही सांगत नाहीत. श्रावणात पाऊसही त्याच यादीत टाकावा, असं मी म्हणेन.

प्रत्यक्ष लिहिताना

सकाळी त्या तीनांतली एक गोष्ट उचला आणि तिच्याबद्दल एक साधं, गद्य वाक्य लिहा. समजा वाक्य असं आहे : ‘पहाटे पाणी येण्याआधी नळातून हवेचा आवाज येतो.’ आता बोटांवर मोजत त्यातून सहा अक्षरं काढा : पहाटेचा नळ. हवेचा आवाज म्हणजे नळाचा श्वास, म्हणून पुढची सहा : श्वास घेतो आधी. आता ‘आधी’ला यमक हवं. ‘कधी’ सापडतं, आणि त्याच्यासोबत एक नवी गोष्ट येते : पाण्याची वेळ नक्की नसते.

पहाटेचा नळ । श्वास घेतो आधी ।
पाणी येई कधी । कोण सांगे ॥

शेवटचे दोन चरण मूळ वाक्यात नव्हते. यमक शोधता शोधता विचार पुढे सरकला. रोज लिहिण्यातला खरा आनंद मला इथे दिसतो : ठरवलेलं माप आपल्याला न ठरवलेल्या ठिकाणी नेतं.

दोन गोष्टी सांभाळा. मराठीत क्रियापदांची यमकं फुकट मिळतात. करते-धरते, आहे-पाहे-वाहे असं लिहीत गेलं की यमक जुळतं, पण विचार जागचा हलत नाही. निदान एका बाजूला नाम किंवा अव्यय येऊ द्या. दुसरं, अक्षरं कमी पडली म्हणून ‘हो’, ‘ते’, ‘बरे’ असे भरीचे शब्द कोंबू नका. त्याऐवजी नेमकं नाव वापरा. ‘झाड ते’ लिहिण्यापेक्षा ‘शेवगा’ लिहा. तीच तीन अक्षरं, पण झाड डोळ्यांपुढे येतं.

टेबलाशी बसायला वेळच नसेल तर काम करता करता रचा. जात्यावर दळता दळता बायकांनी पिढ्यानपिढ्या ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी सुरू केलेल्या संग्रहात अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या आहेत. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात-शेतात राबताना त्या गात आणि घरातलं कुणी ते टिपून ठेवी. आज मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करता येतो. चालताना, भाकरी थापताना, लोकलमध्ये उभ्याने एक चौक सहज जमतो. तालात चाललेलं काम चरणाची लांबी आपोआप सांभाळतं.

अडलेले दिवस

ताप आला, पाहुणे आले, तर एकच चरण लिहा आणि त्या दिवसाची तारीख घाला. दिवस पूर्णच चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन लिहून भरपाई करू नका. दोन दिवस चुकले की तीन लिहाव्या लागतील, या धास्तीनेच वही बंद पडते. चुकलेल्या तारखेचं पान कोरं सोडा आणि पुढे चला.

लिहिलेलं त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. चार अंगठे आले की उद्याची कविता त्या अंगठ्यांसाठी लिहिली जाते, आणि नाही आले तर लिहिलीच जात नाही. महिनाभर वही आपलीच राहू द्या.

श्रावण संपल्यावर आठ-दहा दिवस वही उघडू नका. मग सगळ्या कविता मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे खूण करा, भरीचे शब्द खोडा, नसलेलं यमक ओढूनताणून आणलंय का ते बघा. तीसांतल्या पाच-सहा टिकल्या तर भरपूर झालं. त्या स्वच्छ अक्षरात उतरवून काढा आणि ज्याच्या कानावर तुमचा विश्वास आहे अशा एका माणसाला वाचून दाखवा. कोणती ओळ पुन्हा म्हणायला सांगतो, तेवढं लक्षात ठेवा.