गुहागरच्या किनाऱ्यावर छोटं ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) उडवायचंय? मग आधी पंख समजून घ्या

पंख पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत 10 सेंटिमीटर रुंद आणि स्पीड सेकंदाला 5 मीटर धरला तर रेनॉल्ड्स नंबर (हवेचा वेग आणि पंखाची रुंदी हवेच्या चिकटपणापुढे किती भारी पडतात ते सांगणारा आकडा) येतो साधारण 33 हजार, मोठ्या विमानांचा कोटीत जातो, म्हणून त्यांच्यासारखा जाड गुबगुबीत पंख इथे करूच नका, हवा पंखाच्या वरच्या बाजूला चिकटून न राहता मध्येच सुटते. पातळ थर्माकोल शीट, हलकासा बाक, बस्स.

आता वारा, खरी गंमत इथेच आहे. दुपारी खारा वारा सुटला की एका झोतात पंखावरचा स्पीड 5 चा 7 होतो आणि लिफ्ट, म्हणजे पंखाला वर उचलणारा जोर, जवळपास दुप्पट, नाक वर जातं, पुढच्या कडेवर भोवरा तयार होतो, तो क्षणभर पंखाला उचलून धरतो आणि मागे सरकून सुटला रे सुटला की ग्लायडर धप्पकन वाळूत! म्हणून नाकात मातीची छोटी गोळी जास्तीची लावा.

हे डोळ्यांनी बघायचं तर पंखाच्या वरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढे शिवणाचे दोरे चिकटवा, पंख हातात धरून वाऱ्यात हळूहळू नाक उचला, दोरे फडफडून उलटे वळले की समजा हवा सुटली. सुरूच्या झाडांच्या आडोशाला मात्र उडवू नका, तिथे वारा फार गोंधळलेला असतो, सकाळी लवकर मोकळ्या वाळूवर या.