तो ‘हो’ म्हणण्याआधी करून ठेवायची तयारी

दारू सोडायला माणूस तयार होतो, पण ती तयारी फार टिकत नाही. रात्री पडून कपाळ फुटलं, ऑफिसने मेमो दिला, मुलगी बोलेनाशी झाली, की सकाळी तो म्हणतो, ‘न्या कुठे न्यायचं तिथे.’ संध्याकाळी तोच माणूस ‘बघू पुढच्या महिन्यात’ वर आलेला असतो. आणि घरचे नेमके त्या दिवशी फोन नंबर शोधायला बसतात. म्हणून ही सगळी जुळवाजुळव तो पीत असतानाच, त्याच्याशी वाद न घालता करून ठेवायची.

सुरुवात पैशांपासून करू नका, पिण्याच्या हिशेबापासून करा. एका कागदावर लिहून काढा: काय पितो, दिवसाला किती, पहिली कधी घेतो. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सकाळी उठल्यावर हात थरथरतात, चहाची कपबशी वाजते आणि एक पेग पोटात गेला की हात स्थिर होतात, अशी अवस्था असेल तर शरीराला दारू लागलेली आहे. अशा माणसाची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडणं धोक्याचं असतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होणं, भ्रमिष्टासारखं वागणं, ताप चढणं असं होऊ शकतं आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. याआधी कधी फिट आली होती का, सोडायचा प्रयत्न केला तेव्हा काय झालं होतं, साखर, बीपी, कावीळ, पोटात पाणी यांपैकी काही आहे का, तेही त्याच कागदावर लिहा. डॉक्टरला हा कागद तुमच्या तासाभराच्या कहाणीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

जाता जाता एक. गळाठलेल्या माणसाला गल्लीतल्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावून आणायची आपल्याकडे पद्धत आहे. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व फार कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. तेव्हा तिथे गेलातच तर तो किती पितो हे लपवू नका. आणि ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींतल्या पुड्या भाजीत कालवणं तर अजिबात नको. त्यात डायसल्फिरामसारखं, दारूबरोबर पोटात गेलं की उलटणारं औषध निघालं आणि तो वरून प्यायला, तर रक्तदाब कोसळून भलतंच होऊन बसेल.

आता फोन. केंद्र सरकारच्या नशामुक्ती हेल्पलाइनचा नंबर १४४४६, मानसिक आरोग्याच्या टेलिमानसचा १४४१६. दोन्ही मोफत. जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या मेडिकल कॉलेजात मानसोपचार ओपीडी कोणत्या वारी असते ते एकदा स्वतः जाऊन विचारून या. रुग्ण यायला तयार नसला तरी नातेवाइकाला सल्ला मिळतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. ‘वेड्यांचं इस्पितळ’ या नावाला बिचकून कित्येक घरं तिकडे फिरकत नाहीत आणि मग सोनं गहाण टाकून खासगीत जातात. समाजकल्याण विभागाकडे चौकशी केली तर केंद्राच्या अनुदानावर चालणारी पुनर्वसन केंद्रं कळतात. तिथे राहणं, जेवण, उपचार मोफत असतात. १९८६ साली सुरू झालेलं पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र बहुतेकांना ठाऊक असतं. तिथला उपचार ३५ दिवसांचा आणि स्त्रियांसाठी वेगळा विभाग आहे. पण नावाजलेल्या ठिकाणी जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून दोन-तीन पर्याय हाताशी ठेवा.

प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा. मानसोपचारतज्ज्ञ रोज येतात की आठवड्यातून एकदा? रात्री दोनला फिट आली तर कुठल्या हॉस्पिटलला नेता? मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, नंबर काय? प्यायलेल्या अवस्थेत आला तर घेता का? घरच्यांना भेटायला आणि समुपदेशनाला कधी बोलावता? पैशांबद्दल विचारताना ‘महिन्याचे किती’ एवढ्यावर थांबू नका. औषधं, रक्ततपासण्या, सोनोग्राफी त्यात धरलेल्या आहेत का, डिपॉझिट परत मिळतं का, मधेच सोडून गेला तर काय, पावती मिळते का, हे सगळं विचारा. ‘आमची पोरं रात्री येतात, गाडीत घालून नेतात, तुम्ही फक्त सही करा’ असं कुणी सांगितलं तर वही तिथेच मिटा.

कारण कायदा तसा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अंमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास येतात. माणूस स्वतः दाखल झाला तर तो स्वतः घरीही जाऊ शकतो. फार तर चोवीस तास थांबवून डॉक्टर त्याची तपासणी करू शकतात. त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका आहे, किंवा तो स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही, असं काही दिसावं लागतं आणि त्याची मुदत सुरुवातीला तीस दिवसांची असते. साखळीने बांधायला तर सरळ बंदी आहे. बायकोच्या एका सहीवर सहा महिने कोंडून ठेवणारं केंद्र बेकायदा वागतं, मग फी कितीही कमी असो.

विम्याबद्दल बऱ्याच जणांचा गोड गैरसमज असतो. मानसिक आजाराला विमा शारीरिक आजारासारखाच द्यावा, असं याच कायद्यात आहे खरं. पण आरोग्य विम्याच्या पॉलिसीत जे ठरावीक अपवाद छापलेले असतात, त्यात ‘एक्सक्लुजन १२’ म्हणजे दारू, अंमली पदार्थ किंवा कुठलंही व्यसन आणि त्याचे परिणाम, यांवरचे उपचार. आपल्या पॉलिसीत ते कलम आहे का, आधी बघा. असेल तर कॅशलेसच्या भरवशावर दाखल करू नका. नकार आलाच तर तो लेखी मागा, तक्रार करायला लागतो. महात्मा फुले योजना किंवा आयुष्मान कार्ड असेल तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला डॉक्टरची चिठ्ठी दाखवून ‘हे पॅकेजमध्ये बसतं का, आणि या रुग्णालयात का दुसरीकडे’ एवढंच विचारा. कार्ड आहे म्हणजे खासगी व्यसनमुक्ती केंद्र फुकट, असं नसतं.

पैशांचे दोन भाग करा, हे माझं मत ठाम आहे. दाखल असतानाच्या खर्चासाठी एक, बाहेर आल्यानंतरच्या वर्षासाठी दुसरा, आणि दुसऱ्याला हात लावायचा नाही. त्यात महिन्याची औषधं, फॉलोअपला जायचं भाडं, बुडालेला रोज हे धरा. सगळी पुंजी पहिल्या महिन्यात महागड्या केंद्राला देऊन टाकली, की नंतर औषधाची गोळी आणि एसटीचं तिकीट परवडत नाही आणि गाडी तिथे अडते. नोकरी असेल तर वैद्यकीय रजेचे नियम आधी वाचून ठेवा. उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं हा त्याचा हक्क आहे. साहेबाला किती सांगायचं ते त्याला ठरवू द्या.

दारूऐवजी गर्द (ब्राउन शुगर) किंवा इतर अफूजन्य नशा असेल तर काही गोष्टी वेगळ्या. सरकारी केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिनसारखं पर्यायी औषध मिळतं, त्याची चौकशी करा. आणि महिनाभर बंद ठेवून पूर्वीइतकीच मात्रा पुन्हा घेतली तर माणूस जागच्या जागी मरू शकतो, हे त्यालाही आणि घरच्यांनाही माहीत हवं. पोलिसांची भीती असेल तर वकिलाला एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्यातलं ६४-अ कलम विचारा. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्याला त्यात संरक्षण आहे.

पिशवी भरून कपाटावर ठेवा. आधारकार्ड, रेशनकार्ड, दोन फोटो, जुने केस पेपर आणि रिपोर्ट एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. सुती कपडे, टॉवेल, चपला, चष्मा, साखर-बीपीच्या गोळ्या मूळ पाकिटांसह. आफ्टरशेव्ह, सॅनिटायझर, खोकल्याचं औषध यातलं काही नको. कारण सांगायला नको. तंबाखूबाबत केंद्राचा नियम आधी विचारा, नाहीतर दारात तिथूनच भांडण सुरू होतं. निघायच्या आदल्या रात्रीपासून त्याची दारू तोडायची का, किती ठेवायची, हे डॉक्टरला विचारून ठरवा. एसटीत सहा तास बसून फिट येण्यापेक्षा तो थोडा प्यायलेला पोचलेला बरा. बरोबर दोघं जा, त्यातला एक असा हवा ज्याचं तो ऐकतो. बहुधा तो मामा किंवा जुना मित्र असतो, बायको नसते.

तो आत असताना घरचं काम संपत नाही. घरातल्या बाटल्या काढा. एटीएम आणि फोनवरचं पेमेंट कुणाच्या हातात राहील ते त्याच्याशी बोलून ठरवा. बायकोने, आईने अ‍ॅल-अ‍ॅनॉनसारख्या कुटुंबीयांच्या गटात एकदा तरी जाऊन बसावं. त्याच्यासाठी घराजवळ अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची मीटिंग कुठे, किती वाजता भरते ते शोधून ठेवा; तिथे फी नसते. डिस्चार्जच्या दिवशी औषधांची चिठ्ठी आणि फॉलोअपची तारीख हातात घेतल्याशिवाय निघू नका. आणि बारची, किराण्याची, मित्रांची उधारी किती ते काढून ठेवलं असेलच, तर बारचे पैसे तुम्हीच जाऊन चुकते करा, त्याला पाठवू नका.