पात्याला पाणी देताना या चुका टाळा

माझं पहिलं पातं जुन्या कानशीचं होतं. आठ दिवस घासून आकार दिला, भट्टीत लाल केलं आणि बादलीतल्या पाण्यात बुडवलं. 'टिण्' असा आवाज झाला. इतका बारीक, की शेजारी उभ्या असलेल्या भाच्याला तो ऐकूही आला नाही. पातं बाहेर काढून बघतो, तर धारेपासून पार मध्यापर्यंत केसासारखी चीर गेलेली.

पातं तापवून झटकन गार करून कडक करणं, याला मराठीत आपण पात्याला 'पाणी देणं', 'पाणी पाजणं' म्हणतो. या एका शब्दानं नवशिक्यांचा बराच घात केला आहे. लोहार तापलेला कोयता पाण्यात बुडवतो, एवढंच आपण लहानपणापासून बघितलेलं असतं. तो किती बुडवतो आणि बाहेर काढल्यावर पुढचं मिनिटभर काय करतो, तिकडे लक्ष गेलेलं नसतं. त्याच्याकडे पुढे येतोच.

पातं कडकच होत नाही

पहिली शंका मालावर घ्या. हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या पट्टीत कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो. तिला सात वेळा पाणी पाजलं तरी ती धार धरणार नाही. गाडीच्या कमानपाट्यात साधारण अर्धा ते ०.६ टक्के कार्बन असतो आणि घरगुती भट्टीसाठी हा सगळ्यात समजूतदार माल आहे. बेअरिंगचं ईएन ३१ नावाचं पोलाद त्याहून कडक होतं, पण त्यात क्रोमियम असल्यानं ते ८३० अंशांच्या वर काही मिनिटं एकसारखं धरून ठेवावं लागतं. कोळशाच्या भट्टीत ते जमवणं अवघड, म्हणून सुरुवात त्यानं करू नका.

भंगारातून पाटा आणला की आधी त्याचा बोटभर तुकडा कापा, तापवा, तेलात बुडवा आणि शिकंज्यात धरून हातोड्यानं तोडा. वाकला तर माल उपयोगाचा नाही किंवा ताव कमी पडला. काचेसारखा तुटला तर तुटलेली बाजू उन्हात धरून बघा. राखी, मखमलीसारखी दिसली तर उत्तम. साखरेसारखे दाणे चकाकत असतील तर ताव जास्त झाला आहे. जुन्या पाट्यात आधीच्या भेगा लपलेल्या असू शकतात, त्याही इथेच कळतात.

आणखी एक फसवणूक. तेलातून काढलेल्या पात्यावर कानस चावली म्हणून लगेच निराश होऊ नका. काळ्या खपलीखाली कार्बन उडून गेलेला एक पातळ, मऊ थर असतो. चार-सहा हात जोरात मारा. खाली कानस घसरायला लागली, तर पातं कडक झालेलं आहे.

तावाचा अंदाज चुकतो

भर दुपारी अंगणात भट्टी लावून रंगावर जाणं, ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक. उन्हात जो मंद लाल वाटतो, तो सावलीत झगझगीत नारिंगी असतो. म्हणजे पातं केव्हाच जास्त तापलेलं असतं. मी दिवेलागणीला, शेडमध्ये काम करतो.

लोहचुंबक ठेवा. साधारण ७७० अंशांना पोलादाला चुंबक चिकटेनासा होतो. पण तेवढ्यावर घाई करू नका, कमानपाट्याला त्याच्याही पुढे साठ-सत्तर अंश लागतात. मधला टप्पा ओळखायला मिठाचा दाणा कामाला येतो. मीठ ८०१ अंशांना वितळतं. पात्यावर टाकलेला दाणा विरघळून पसरला की रंग आणखी एक छटा उजळू द्यायचा आणि बाहेर काढायचं. टोक पातळ असतं, ते आधी तापतं. म्हणून पातं सतत पुढेमागे हलवत राहा.

ताव जास्त झालाच तर त्या तावावर तेलात घालू नका. पातं बाहेर काढून हवेत काळं होऊ द्या, पुन्हा बेताचं तापवा, पुन्हा हवेत गार करा. असं तीनदा केलं की पोलादाचा दाणा बारीक होतो. मी तर हे प्रत्येक पात्याला करतो.

तडकणं आणि वाकणं

पातळ पात्याला पाणी नको, तेल घ्या. सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं चालतं. गाडीचं काळं तेल फुकट मिळतं खरं, पण त्याचा धूर छातीत घेण्याच्या लायकीचा नसतो. तेल थंड ठेवावं असं वाटतं, पण ते चूक आहे. गार तेल घट्ट असतं, ते पात्याभोवती नीट फिरत नाही. लोखंडाची सळई तापवून तेलात बुडवा आणि तेल ५० ते ६० अंशांवर आणा. वीतभर पात्याला चार-पाच लिटर तेल, उंच लोखंडी डब्यात, झाकण हाताशी. प्लास्टिकचा कॅन अजिबात नको. भडका उडाला तर झाकण टाकायचं, पाणी ओतायचं नाही.

पातं सरळ खाली सोडा आणि धारेच्या रेषेतच पुढेमागे हलवा. आडवं ढवळलंत तर एक बाजू आधी गार होते आणि पातं वाकतं. धार आधीच कागदासारखी घासून ठेवली असेल तरी तेच होतं. एटीएम कार्डाहून किंचित जाड ठेवा, बाकीचं नंतर घासा. जाड कानशीचे खोल आडवे ओरखडे आणि मुठीजवळची काटकोनी खाच, चीर नेमकी तिथून सुरू होते.

वाकलंच, तर तेलातून काढल्यावर ते पुरतं गार होण्याआधीचे काही क्षण तुमचे असतात. जाड हातमोजे घालून दोन लाकडी फळ्यांत दाबा. गार झाल्यावर हातोडा मारलात तर दोन तुकडे उचलाल.

सगळं नीट झालं, आणि सकाळी पातं तुटलेलं

तेलातून काढलेलं पातं 'उद्या बघू' म्हणून ठेवायचं नसतं. त्याच्या अंगात इतका ताण असतो, की ते रात्रीत आपोआप तडकू शकतं. हाताला सोसेल इतकं गार झालं की लगेच टेम्परिंगला घाला, म्हणजे बेताच्या उष्णतेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करा.

इथेच लोहाराची ती न पाहिलेली गोष्ट येते. तो कोयत्याची फक्त धार दोन बोटं पाण्यात धरतो. पाठ लालच असते. मग विटेच्या तुकड्यानं धार घासून पांढरी करतो आणि बघत बसतो. पाठीतली ऊब धारेकडे सरकते, तसा रंग धावतो: फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग धारेला पोचला की मग सगळा कोयता पाण्यात. तडकण्याचा धोका आणि मऊपणा दोन्ही त्या एका मिनिटात सांभाळले जातात. वीस वर्षांच्या नजरेशिवाय याची नक्कल करायला जाऊ नका.

आपल्यासाठी घरचा ओव्हन बरा. भाजीच्या सुरीला २०० अंश, दोन तास, मध्ये गार करून पुन्हा दोन तास. कोयत्यासारखं घाव घालणारं काही असेल तर ते २८० अंशांच्या आसपास न्यावं लागतं, आणि घरचे बरेच ओव्हन २५० लाच थांबतात. बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका. माझा ओव्हन २०० म्हणतो तेव्हा आत कधी १८० असतं, कधी २२५. आत ठेवायचा छोटा तापमापक आणा. पातं आधी साबणानं धुवा, नाही तर आठवडाभर घरातल्या केकला तळणीचा वास येतो. तो वाद मी एकदा हरलेलो आहे.

शेवटची घासणी

टेम्परिंगनंतर बेल्टवर धार घासताना एखादा निळा डाग उठला, तर तिथलं पाणी उतरलं. नुसतं पॉलिश करून रंग जातो, कडकपणा परत येत नाही. मऊ भाग जाईपर्यंत धार मागे न्यावी लागते, किंवा सगळं पहिल्यापासून. म्हणून शेवटच्या घासणीत मी हातमोजे घालत नाही. बोटांना चटका बसायला लागला की पातं शेजारच्या बादलीत. ही बादली तीच, पहिल्या पात्याची.