रात्रीच्या गळाला घुंगरू: मासा लागला की कानाला कळतं

रात्री हिरण्यकेशीच्या काठी गळ टाकून बसलं की दोरी दिसत नाही. सारखी बॅटरी मारली तर उथळातला मासा बिचकतो. नाही मारली तर मासा गांडूळ खाऊन जातो, आपण रिकामा गळ राखत बसतो.

यावरच्या उपायाला खर्च शून्य. बेंदराला बैलासाठी आणलेल्या घुंगरांतलं एक आणि कपडे वाळत घालायचा प्लास्टिकचा चिमटा.

१. घुंगरू चिमट्याला दोऱ्याने घट्ट बांधा.
२. गळ टाका, शिसं तळाला टेकू द्या, काठी दुबेळक्यात (दोन फाट्यांच्या खुंटीत) ठेवून दोरी ताणून घ्या.
३. मग रिळाजवळची दोरी हाताने वीतभर खाली ओढून तिथे चिमटा लावा. दोरी इंग्रजी व्ही अक्षरासारखी लोंबली पाहिजे.

मासा ओढून पळाला तर चिमटा वर उडतो. काठाकडे आला तर दोरी सैल होऊन चिमटा खाली बसतो, आणि हे नुसत्या ताणलेल्या दोरीवर सहज कळत नाही. शिंगटी, वाम असले तळाचे मासे बऱ्याचदा असेच येतात. बारीक किणकिण चालूच राहिली तर बहुतेक खेकडा गांडूळ कुरतडतोय. गळ काढून जागा बदला. झटका मारण्याआधी चिमटा सोडवा, नाहीतर तो काठीच्या कड्यात अडकतो. माझी एक वाम अशीच गेली.

हिडकल धरणाच्या खाली घटप्रभेच्या काठी बसणार असाल तर पाणी कधी सोडणार ते आधी विचारून घ्या, आणि अंथरूण पाण्यापासून चांगलं उंचावर टाका.