सुरमई गरवायला (गळाने पकडायला) जाताय? आधी रॉडवर ३७ सेमीची खूण करा

पाऊस संपला की रत्नागिरी-मालवणकडे रॉड घेऊन येणाऱ्यांची गर्दी होते आणि सगळ्यांना सुरमईच हवी असते. तर २०२३ ला राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान साईज ठरवलीय (त्याहून लहान मासा पकडायचा नाही), त्यात सुरमईला ३७० मिमी, पापलेटला १३५, बोंबलाला १८०. आता बोटीवर हलत्या लाटेत टेप कोण काढणार, म्हणून घरीच रॉडच्या दांड्याला ३७ सेमीवर रंगीत इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवायची, मासा आला की सरळ त्याला लावून बघायचा (पोटाच्या गोलाईवरून मोजू नका, उगाच दोन सेमी वाढतात आणि आपणच खूश).

लहान निघाली तर हात ओले करून धरा, पक्कडीने गरी (गळाचा हुक) काढा आणि लगेच पाण्यात. फोटोसाठी दहा मिनिटं उन्हात धरून मग सोडली तर काय उपयोग, ती मेलीच समजा. आणि बोटं सांभाळा हां, सुरमईचे दात ब्लेडसारखे असतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे तेव्हा कोणी "चला, गुपचूप फिरवून आणतो" म्हणाला तरी जाऊ नका, समुद्र पण खवळलेलाच असतो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे, तिथे गळ टाकायच्या आधी मत्स्य खात्याच्या ऑफिसात विचारून घ्या.