नॉरफोकहून दक्षिणेला निघण्याआधी

व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून फ्लोरिडातल्या मायामीपर्यंत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत आतल्या आत जाणारा जलमार्ग म्हणजे इंट्राकोस्टल वॉटरवे. त्यावर आपल्या बोटीने ऑक्टोबरात निघायचं असेल तर उन्हाळ्यातच तयारीला लागा, आणि पहिलं काम म्हणजे जागांची अदलाबदल. बहुतेक बोटींवर नवरा चाकाशी आणि बायको पुढे नाळेवर, म्हणजे बोटीच्या टोकावर, दोर घेऊन उभी असते. गाडी तो चालवतो म्हणून बोटही तोच चालवणार, एवढंच त्याचं कारण. खरं तर अंगमेहनतीचं काम पुढेच असतं: नांगर, साखळी, ओला दोर. चाकाला मनगट पुरतं. आम्हाला हे कळायला दोन उन्हाळे लागले.

नंतर एखाद्या शांत रविवारी जुना फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून बोटीच्या कडेला टांगतात तो फुगा) पाण्यात फेका आणि तो आपला जोडीदार आहे असं समजून एकट्याने परत आणा. चार्टप्लॉटरवरचं (नकाशा दाखवणाऱ्या पडद्यावरचं) 'माणूस पाण्यात'चं बटण दाबायचं, नजर फेंडरवरून हलू द्यायची नाही, हळूहळू वळून जवळ जायचं, जवळ आलं की गिअर न्यूट्रलमध्ये टाकायचा. मग दुसऱ्याची पाळी. आमचे फेंडर पहिल्या दिवशी तीनदा 'बुडाले'. फेंडर हाताने उचलता येतो, भिजलेला नवरा नाही. म्हणून पाण्यातून हात पोचेल अशी शिडी बोटीला आहे ना, हे त्याच दिवशी उतरून बघा. लाइफ जॅकेटं प्रत्येकाच्या मापाची हवीत आणि ती अंगावर हवीत, कपाटात नव्हेत.

कागदपत्रांत फार वेळ जात नाही. व्हर्जिनियात १० अश्वशक्ती किंवा जास्त इंजिनाची बोट चालवायला सुरक्षा कोर्स लागतो. फ्लोरिडात ही अट १ जानेवारी १९८८ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच, म्हणजे आमच्यासारख्यांना सुटका. तरीही कोर्स दोघांनीही करा. कोस्ट गार्ड ऑक्झिलरीचे स्वयंसेवक बोट फुकट तपासून देतात. त्यात चूक निघाली तरी दंड होत नाही. विम्याचे कागद मात्र बारकाईने वाचा: चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि ठरावीक तारखेआधी अमुक रेषेच्या खाली जाऊ नका अशी अट बऱ्याच पॉलिसींत असते.

रेडिओची भीती बायकांना जास्त, असं म्हणतात. मला होतीच, आपला उच्चार समजेल का म्हणून. उपाय साधा निघाला. बोटीचं नाव, जागा, अडचण काय, माणसं किती, हे जाड अक्षरांत लिहून रेडिओशेजारी चिकटवलं. कान १६ नंबरच्या चॅनेलवर ठेवायचा. उघडणाऱ्या पुलांशी व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात १३ वर बोलायचं, साउथ कॅरोलिनापासून खाली ९ वर. मागून येणारा बोटवाला रेडिओवर 'वन व्हिसल' म्हणाला तर तो तुमच्या उजव्या हाताने पुढे जाणार, 'टू व्हिसल' म्हणाला तर डाव्या. (आमच्याकडे त्याच वेळी कुकरही लावलेला होता. शिट्ट्यांचा हिशेब कोणी ठेवायचा यावरून भांडण झालं.)

वाट दाखवणाऱ्या पाण्यातल्या खुणा पाठ करा. दक्षिणेला जाताना लाल खूण उजव्या हाताला. पण जिथे समुद्राचं मुख किंवा मोठी नदी येऊन मिळते तिथे रंग उलटू शकतात, आणि नवशिके तिथेच चुकतात. अशा वेळी खुणेवरची छोटी पिवळी आकृती बघायची: पिवळा त्रिकोण उजवीकडे, पिवळा चौकोन डावीकडे. मायामीपर्यंतचे साधारण १,०९० मैल रस्त्यावरचे आहेत, नाविक नव्हेत. इंधनाचा हिशेब करताना हे विसरू नका.

आता भरती-ओहोटी. कोकणातल्या माणसाला वाटतं, हे मला काय शिकवता! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पण हा ठोकताळा आपल्या किनाऱ्याचा. जॉर्जियात त्याने वेळ येत नाही, छापील कोष्टकच लागतं. उधाण आणि भांग मात्र तिथेही खरे: पौर्णिमा-अमावास्येला फरक मोठा, अष्टमीच्या आसपास लहान. जॉर्जियात पाणी ७ ते ९ फूट चढतं-उतरतं. ओहोटीला नांगर टाकलात, पाणी ८ फूट, नाळ पाण्यावर ४ फूट, म्हणजे १२ फूट. नांगराची साखळी-दोर या उंचीच्या सातपट सोडायची असं धरलं तर ८४ फूट. पण रात्री ८ फूट भरती आली की १२ चे २० होतात आणि लागतात १४० फूट. हे गणित दोघांनी वेगवेगळं करायचं आणि उत्तरं जुळली तरच नांगर सोडायचा. शिवाय भरतीची ओहोटी झाली की बोट नांगराभोवती फिरते, म्हणून शेजारच्या बोटीपासून अंतर आधीच जास्त ठेवा.

जॉर्जियातल्या लिटल मड रिव्हरवर एकदा ओहोटी लागली असताना चाकाशी मी होते आणि हा खाली इंजिनाजवळ. खोलीचा आकडा भराभर उतरला. गिअर काढायच्या ऐवजी मी याला हाक मारली. तो वर येईपर्यंत बोट चिखलात बसलेली होती. भरती यायला पाच तास लागले. आता आमचा नियम असा की हाक नंतर, हात आधी. अशा उथळ जागी जायचं तर चढत्या पाण्यात जा. रुतलात तरी पाणीच सोडवतं.

बाकी सामान किरकोळ: चार फेंडर, दोन लांब दोर, डासांची जाळी, आणि नांगर टाकताना ओरडावं लागू नये म्हणून कानाला लावायचे वायरलेस हेडसेट. इथले लोक त्यांना गमतीने 'लग्न वाचवणारे' म्हणतात. ते न परवडले तर हाताच्या खुणा ठरवा, पण त्या धक्क्यावरच ठरवा.

पहिल्या दिवशी ग्रेट ब्रिजच्या लॉकपर्यंतच (दोन दरवाजांमध्ये बोट थांबवून पाण्याची पातळी बदलतात तो हौद) जा, जेमतेम १२ मैल. पाण्याच्या पातळीत फरक थोडा असतो, त्यामुळे सरावाला बरं. भिंतीवरच्या खुंटाला दोर घट्ट बांधून टाकू नका, वळसा देऊन टोक हातात धरा आणि पातळी बदलेल तसा सोडा किंवा ओढा. आत शिरताना एक जण चाकाशी असेल, तर दुसऱ्या सकाळी धक्का सोडताना तिथे दुसरा उभा राहील.